काउंटीच्या उमेदवाराचे अग्रक्रम कसे तपासावेत?

प्रश्न : अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यावर आम्ही पती-पत्नी व्हर्जिनियातील लाउडन काउंटीत प्रथमच स्थानिक निवडणुकीत मतदान करणार आहोत. सुपरवायझरपदाच्या, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाच्या सदस्यपदाच्या, एका इच्छुकाच्या पत्रकात घरावरील कर कमी करणे, नवी डेटा सेंटर्स (इंटरनेट सेवांचे असंख्य संगणक ठेवलेल्या इमारती) थांबवणे, शाळांना अधिक निधी देणे आणि रस्त्यांवरील कोंडी सोडवणे हे चार अग्रक्रम आहेत. चारही पटतात, मग पारख कशी करावी?
– एक वाचक, अ‍ॅशबर्न

उत्तर : हे चारही अग्रक्रम एकाच तिजोरीशी जोडलेले आहेत, त्यामुळे ते सुटे वाचू नयेत. आपल्याकडची जिल्हा परिषद मुख्यतः राज्याच्या अनुदानावर चालते. तुमच्या काउंटीचे नऊ जणांचे बोर्ड मात्र घरावरील कराचा दर दरवर्षी स्वतः ठरवते. २०२५ मध्ये तो शंभर डॉलर मूल्यामागे ८०.५ सेंट होता. डेटा सेंटरमधील संगणकीय उपकरणांवर याच हिशेबाने चार डॉलरांहून अधिक कर लागतो. घरमालकांवरील भार हलका ठेवता आला तो मोठ्या प्रमाणात या उत्पन्नामुळे. म्हणून पहिला आणि दुसरा अग्रक्रम एकत्र मांडणाऱ्या उमेदवाराने, पुढे या उत्पन्नाची वाढ मंदावली तर तूट कशी भरून काढणार, हे आकड्यांसह सांगितलेच पाहिजे.

याचा अर्थ डेटा सेंटर्सना विरोध करणे चूक आहे, असा नाही. वस्तीलगतचा आवाज, उंच इमारती आणि वीजवाहिन्या यांचा त्रास खरा आहे. शिवाय उपकरणांचे मूल्य वेगाने घटते आणि कंपन्या ती केव्हा बदलतील हे काउंटीच्या हातात नसते, त्यामुळे एकाच उद्योगावर एवढे विसंबणे मला धोक्याचे वाटते. मात्र ‘थांबवणे’ म्हणजे नेमके काय, हे विचारा. पूर्वी ठरावीक भागांत नियमात बसणारे डेटा सेंटर बोर्डाच्या मताशिवाय उभे राहू शकत असे. मार्च २०२५ मध्ये बोर्डाने ती मुभा काढून घेतली, आणि आता नव्या प्रस्तावाला जनसुनावणी व बोर्डाची विशेष मंजुरी लागते. यापूर्वी मंजूर झालेले प्रकल्प मात्र नवा सदस्य सहजासहजी रद्द करू शकत नाही, आणि उच्चदाब वीजवाहिनीचा मार्ग तर राज्याचा स्टेट कॉर्पोरेशन कमिशन हा आयोग ठरवतो.

शाळांचे बोर्ड स्वतंत्रपणे निवडले जाते, परंतु त्याला कर लावण्याचा अधिकार नाही. स्थानिक करांतील निम्म्याहून अधिक पैसा शाळांकडे जातो आणि ती रक्कम सुपरवायझर ठरवतात, त्यामुळे तिसरे आश्वासन त्यांच्या अधिकारात नक्कीच बसते. अभ्यासक्रमाविषयीचे आश्वासन बसले नसते. रस्त्यांची देखभाल बहुतांशी राज्याच्या परिवहन विभागाकडे आहे. काउंटी नव्या रस्त्यांवर स्वतःचा पैसा खर्च करते खरी, पण कोंडीवर तिचा सर्वांत मोठा प्रभाव पडतो तो कोठे किती घरे बांधू द्यायची या निर्णयातून. अ‍ॅशबर्नला नोव्हेंबर २०२२ मध्ये मेट्रो आली. त्या स्थानकांभोवतीच्या घरबांधणीविषयी उमेदवाराची भूमिका पत्रकात नसेल, तर चौथा अग्रक्रम अपुरा आहे.

व्हर्जिनियात काउंटीला राज्याने दिलेले अधिकारच वापरता येतात, हेही ध्यानात ठेवावे. बोर्डाच्या सर्व जागांची मागील निवडणूक २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये आहे. उमेदवार विद्यमान सदस्य असेल, तर एप्रिलच्या सुमारास मंजूर होणाऱ्या अर्थसंकल्पावर त्याने कसे मत दिले ते पाहावे. नवा असेल, तर पैसा अपुरा पडल्यास या चारपैकी कोणते काम तो मागे ठेवील, हे त्याला प्रचारसभेत सर्वांसमोर विचारावे.