सारा, धारा, पट्टी, दस्त : कोकणातल्या वसुलीचे शब्द

प्रश्न असा : गुहागरजवळ घर आणि थोडी भातजमीन आहे. वर्षाला दोन पावत्या होतात, एकीवर घरपट्टी, दुसरीवर जमीन महसूल. आजोबांच्या कागदांत मात्र 'धारा' आणि 'दस्त' लिहिलंय. हे सगळं शेवटी करच ना? मग शब्द इतके का?

'कर' हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द आहे, त्यामुळे फारसं काही सांगत नाही. पैसा कशावर बसला आणि कोणाच्या तिजोरीत गेला, हे बाकीच्या शब्दांतून कळतं.

जमिनीवर बसतो तो सारा. शेतसारा किंवा जमीन महसूल तोच; सातबारावर त्या रकमेला 'आकार' म्हणतात. वरकस म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीच्या तुकड्याचा आकार कित्येकदा नुसत्या पैशांत असतो. ती छपाईची चूक नव्हे. सारा भरायचा तलाठ्याकडे. 2024 पासून या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं, पण गावात तलाठीच म्हणतात. साऱ्याच्या रुपयामागे जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा स्थानिक उपकर बसतो, म्हणून सातबारावरचा आकार आणि पावतीवरचा आकडा जुळत नाहीत. हिशेब पडताळायचा तर आठ-अ काढावा. त्यात खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या गटांची आकारणी आणि उपकर एकत्र मिळतात.

घरपट्टी ग्रामपंचायतीची. तिची आकारणी नमुना 8 मध्ये असते. त्या उताऱ्याला कोकणात सर्रास 'असेसमेंट' म्हणतात आणि 'घराचं असेसमेंट कोणाच्या नावावर?' या प्रश्नावर भाऊबंदकी पेटते. पावतीवर घरपट्टी एकटी नसते. खाली दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी आणि घरात नळ असेल तर विशेष पाणीपट्टी. 'घरपट्टी एवढी कशी वाढली?' म्हणत ग्रामपंचायतीत जाण्याआधी ओळी वेगळ्या वाचाव्यात. पुष्कळदा वाढ पाण्याची किंवा मागच्या थकबाकीची असते. आणखी एक : घरपट्टीचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च, महसुली वर्ष 1 ऑगस्ट ते 31 जुलै. दोन्ही पावत्यांवर '2024-25' छापलेलं असलं तरी महिने वेगळे. मुंबईहून मे महिन्यात येऊन 'यंदाचं सगळं भरून टाका' म्हणणाऱ्या चाकरमान्याचा घोळ इथेच होतो.

नुसती घरपट्टी भरली म्हणून मालकी शाबीत होत नाही, हेही सांगून ठेवायला हवं. ती पावती कर भरल्याची, मालकीची नव्हे.

'पट्टी' या शब्दात मला सर्वात जास्त रस आहे. कशालाही जोडा, वसुली तयार : घरपट्टी, पाणीपट्टी, मराठेशाहीत तर म्हैसपट्टीही होती. (कोल्हापूरकडे घरपट्टीला घरफाळा म्हणतात.) सरकारच हवं असंही नाही, पालखीसाठी गावाने दर घरामागे ठरवलेली रक्कमही पट्टीच, आणि ती सरकारी पट्टीपेक्षा वेळेवर जमते. पण आंबेवाल्याकडे हाच शब्द उलटा फिरतो. वाशीच्या बाजारात पेट्या गेल्या की आडत्याकडून येतो तो विक्रीचा हिशेब म्हणजे पट्टी. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन खाली उरलेली रक्कम. बागायतदार 'पट्टी आली' म्हणाला तर पैसे आलेत, 'पट्टी भरली' म्हणाला तर गेलेत.

आता आजोबांचे कागद. धारा म्हणजे जमिनीच्या साऱ्याचा ठरलेला दर, आणि तो सरकारात थेट भरणारा तो धारेकरी. खोती गावांत मधे खोत असे : कुळाने खोताला द्यायचं, खोताने सरकारला. कुळाचं देणं भाताच्या निम्म्यावर ठरलेलं असेल तर ते अर्धेल. मालकाला द्यायच्या त्या भागाला 'खंड' म्हणतात, आणि खंड हा कर नव्हे. जुने कागद वाचताना इथे सगळ्यात जास्त फसायला होतं. अलिबागजवळ चरीला 1933 ते 1939 कुळांनी संप केला, तो खंडाच्या जाचाविरुद्ध, साऱ्याविरुद्ध नव्हे. खोती रद्द करण्याचा कायदा 1949 चा, म्हणजे त्याआधीचा कागद असेल तर पैसे देणारा आणि घेणारा कोण, हे आधी पाहावं.

'दस्त' म्हणजे पूर्वी सरकारी वसूल. आज निबंधकाच्या कार्यालयात दस्त म्हणजे खरेदीखत, बक्षीसपत्र असा नोंदवायचा लेख. 'दस्त भरला' आणि 'दस्त नोंदवला' यांचा एकमेकांशी संबंध नाही.

विचारलं नाहीत, पण कोकणात जकातीला वगळून चालणार नाही. माल हद्द ओलांडतो तेव्हा जकात. 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या नरहरी आनंदराव या सुभेदाराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. गोव्याच्या बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीज मुलखातलं मीठ स्वस्त पडून संगमेश्वरच्या मिठाचा धंदा बसेल, म्हणून त्यावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. तिजोरी भरण्यापेक्षा स्वतःच्या मुलखातला व्यापार राखणं हा हेतू. 1930 मध्ये शिरोड्याला सत्याग्रह झाला तोही मिठावरूनच, पण तो कर सरकारच्या मक्तेदारीचा होता, नाक्यावरचा नव्हे. मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आल्यावर गेली. 'जकातनाका' मात्र अजून बसथांबा म्हणून जिवंत आहे.

अर्ज लिहिताना क्रियापद जपा. पैसे चुकवले, कर्ज चुकवलं म्हणजे फेडलं. पण कर चुकवला म्हणजे बुडवला. ग्रामपंचायतीला 'मी घरपट्टी चुकवली आहे' असं कळवलंत तर स्वतःवरच आरोप होईल. 'घरपट्टी भरली आहे' किंवा 'चुकती केली आहे' लिहा, आणि सोबत थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्या.