आरओ घेण्याआधी पाणी मोजा

घरी नळ आणि बोअर दोन्ही असतील तर टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) दोन्ही पाणी वेगवेगळं मोजा. आकडा लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असेल तर सहसा आरओ (बारीक पडद्यातून क्षार गाळणारा) लागत नाही, यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) पुरतो. लाईट सारखी जात असेल तर विजेशिवाय चालणारा यूएफ (बारीक छिद्रांतून जंतू अडवणारा) बरा. मात्र मीटरला जंतू दिसत नाहीत, फ्लोराइडही वेगळं कळत नाही. बोअरचं पाणी पिणार असाल तर प्रयोगशाळेत तपासाच. फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर आरओ घ्या. उकळून ते जात नाही.

पावसाळ्यात गढूळ पाणी थेट यूव्हीत सोडू नका, मातीच्या कणांआड जंतू वाचतात. आधी 5 मायक्रॉनचा स्पन फिल्टर (गाळ अडवणारी गाळणी) बसवा, तपकिरी पडला की बदला. आरओला त्यापुढे कार्बन फिल्टरही हवाच, नाहीतर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आरओचा मेम्ब्रेन (आतला पडदा) खराब होतो.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नळ कित्येक दिवसांनी येतो, त्यामुळे पाणी साठवावं लागतं. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडतो, म्हणून टाकी झाकलेली ठेवा. यूव्हीतून निघालेलं पाणीही माठात पुन्हा दूषित होऊ शकतं. हात न बुडवता ओगराळ्याने घ्या. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला, संडासाला वापरा. खारट असल्याने कुंड्यांना घालू नका.