अवचेतन मनासोबत सहकार्य, की मनाच्या कलाने घेणं?

प्रश्न असा आलाय: एक ताई कुठल्याशा वर्कशॉपचं इंग्रजी हँडबुक मराठीत करतायत, त्यातल्या एका धड्याचं शीर्षक त्यांनी 'आपल्या अवचेतन मनासोबत सहकार्याचे नाते निर्माण करा' असं केलं, आणि सासूबाईंनी ते वाचून विचारलं, "हे कुठल्या सोसायटीचं आहे गं?" आता ताईंना विचारायचंय की अवचेतन बरोबर, सुप्त मन बरोबर की अंतर्मन बरोबर.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, अर्धं निदान त्यांनीच केलंय. आपल्याकडे सहकार म्हटलं की साखर कारखाना, दूध संघ, पतपेढी आणि हाऊसिंग सोसायटी, आणि सहकार्य म्हटलं की रस्ता खोदून ठेवल्यावर लावलेली 'सहकार्य करावे ही विनंती' वाली पाटी. तेव्हा मनाचं नाव काय ठेवायचं हा प्रश्न आहे, पण दुय्यम आहे, तुमचं वाक्य बिघडलंय ते 'सोबत' आणि 'सहकार्य' या दोन शब्दांनी. तरी विचारलंयच तर आधी नावांचं बघू.

अवचेतन हा चुकीचा शब्द नाही, संस्कृत घडणीचा आहे, पण तो आपल्याकडे येतो तो बहुतेक हिंदी व्हिडिओंवरून. अव म्हणजे खाली, म्हणजे इंग्रजी 'सब'चं सरळ भाषांतर. आणि गंमत म्हणजे मूळ सबकॉन्शस शब्दावरच वाद होता. तो रूढ केला प्येअर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने, १८८९ च्या त्याच्या प्रबंधातून. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याला तो अजिबात पसंत नव्हता, त्याचा शब्द 'अनकॉन्शस'. १९२६ मध्ये त्याने साधारण असं लिहिलं की सबकॉन्शस म्हणणाऱ्याला जाणिवेच्या खालची एखादी जागा म्हणायचीय की आत दडलेली दुसरीच जाणीव म्हणायचीय ते कळत नाही, आणि बहुतेक त्याचं त्यालाही कळलेलं नसतं. तरी शब्द टिकला, आणि आता मोटिव्हेशनवाल्यांच्या तोंडी तोच आहे.

अचेतन तर वापरूच नका. मराठीत अचेतन म्हणजे दगड, टेबल, खुर्ची. 'अचेतन मनाची शक्ती' वाचलं की मला मेलेल्या मनाची शक्ती असं वाटतं.

सुप्त मन चालतं, पण त्यावर एक आक्षेप नेहमी येतो की सुप्त म्हणजे झोपलेलं, आणि हे तर आपण झोपल्यावरही जागं असतं, मग ते सुप्त कसं? आक्षेप ऐकायला झकास आहे पण फोल आहे, कारण मराठीत सुप्त गुण, सुप्त इच्छा म्हणताना आपल्याला झोप अभिप्रेत नसतेच, आहे-पण-दिसत-नाही एवढंच म्हणायचं असतं. मानसशास्त्राच्या पुस्तकात अबोध मन भेटेल, तो शिस्तीतला शब्द आहे, फक्त बाहेरच्या वाचकाला अबोध म्हटलं की बालक आठवतं.

आणि मग नेणीव. हा माझा लाडका शब्द, त्यामुळे दोन ओळी जास्त लिहितो, चालवून घ्या. जाणणे पासून जाणीव आणि नेणणे पासून नेणीव, अशी सरळ जोडी. हरिपाठ म्हणणाऱ्या घरात हा शब्द रोज संध्याकाळी कानावर पडतो, 'जाणीव नेणीव भगवंती नाही'. तिथे नेणीव म्हणजे अज्ञान, न कळणं. पुढे समीक्षकांनी त्याच शब्दाला नवीन काम दिलं आणि युंग या मानसशास्त्रज्ञाच्या, सगळ्या माणसांत सारख्या असलेल्या 'अनकॉन्शस'च्या कल्पनेला 'सामूहिक नेणीव' म्हणायला लागले. सातशे वर्षांहून जुना शब्द आणि कुठेही ओढाताण झाली नाही. पण खरं सांगायचं तर तुमच्या हँडबुकात, जिथे पुढच्याच पानावर 'रोज सकाळी दहा मिनिटं' वगैरे असणार, तिथे नेणीव जड होईल. तिथे अंतर्मन घ्या, लोकांना कळतं, आणि मराठीला मनाबद्दल बोलताना 'खाली' पेक्षा 'आत' जवळचं आहे हेही त्यात येतं. आतून वाटतं, आतून येत नाही, आतला आवाज. आता कुणी म्हणेल मनाचा तळ, मनाचा ठाव, थांग हे पण आहेच की, खोलीच झाली ना ती? झाली, पण ती विहिरीसारखी खोली, तळ विहिरीचाच असतो, विहिरीच्या खालची वेगळी खोली नसते.

(आणि जिथे जिथे 'सबकॉन्शसली' येईल तिथे अवचेतनपणे असलं काही लिहू नका. नकळत. झालं. पाय नकळत जुन्या घराकडे वळले, यात काय कमी आहे?)

आता मुख्य मुद्दा. 'मनासोबत'.

मराठीत बोलणं, भांडणं, वैर, मैत्री, पटणं, तुलना करणं या सगळ्यांना 'शी' लागतो. समोरासमोर दोन पार्ट्या असतील तर शी. सोबत म्हणजे बरोबर, जोडीने, एकाच दिशेने चाललेले: आईसोबत बाजारात गेले. हल्ली 'मी त्याच्यासोबत बोललो' सर्रास ऐकू येतं, तो हिंदीतला 'के साथ' आहे, मी त्यावर भांडणं सोडून दिलंय. पण मनाच्या बाबतीत हा फरक सोडू नका, कारण इथेच तुमच्या धड्याचं मर्म आहे. मनाशी ठरवलं, मनाशी खूणगाठ बांधली, मनाशी म्हटलं. म्हणजे मराठी माणूस मनाला आधीपासून समोरची पार्टी धरूनच बोलतो, नातं निर्माण वगैरे करायची गरजच नाही, ते व्याकरणात ऑलरेडी आहे. आणि ही पार्टी नुसती ऐकणारी पण नाही, ती स्वतः पण काय काय करते बघा: मन धजत नाही, मन कच खातं, मनाने घेतलंय, मन मला खातंय, मनात पाल चुकचुकली. या सगळ्यात 'मी' एकीकडे आणि मन दुसरीकडे.

जाता जाता: 'मनातल्या मनात' या प्रयोगावरून मराठीत मनाच्या आत अजून एक मन मानलंय असं सांगणारा एक मेसेज फिरतो. नाही हो. घरातल्या घरात, गावातल्या गावात, तसंच ते. नाहीतर गावात पण अंतर्गाव मानावं लागेल.

मग सहकार्याच्या जागी काय? पर्याय ढीगभर आहेत. गट्टी करणे, सूत जमणे, जुळवून घेणे, विश्वासात घेणे, हाताशी धरणे. यातला 'हाताशी धरणे' अर्थाने जवळ आहे पण त्याला किंचित कारस्थानाचा वास आहे, कुणाला तरी हाताशी धरून कुणाची तरी जमीन लाटतात. 'जुळवून घेणे' मध्ये नाइलाज आहे, ते नव्या सुनेला सांगतात. मला सगळ्यात पटतो तो 'कलाने घेणे'.

कल म्हणजे झुकाव. भिंत कलते, सूर्य कलतो, भरलेली गाडी एका बाजूला कलते. एखाद्याच्या कलाने घेणं म्हणजे तो आधीच कुठे झुकतोय ते बघून त्याच बाजूने त्याला हळूहळू आपल्या कामाकडे आणणं. हे कोणाला सांगतात? जेवत नसलेल्या पोराच्या आईला, हट्टी म्हाताऱ्याच्या मुलाला, पहिल्यांदा जुवाला खोंड लावणाऱ्या माणसाला. म्हणजे ज्याच्यावर जोर चालत नाही आणि ज्याच्याशिवाय काम पण होत नाही, अशाच्या कलाने घ्यायचं असतं. आता सांगा, अंतर्मनाशी वागायचं वर्णन याहून नेमकं काय असणार.

आणि कलानंतर कौल. हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत, कल आपला कलणे वाला, कौल अरबीतून फारसीमार्गे आला, अर्थ शब्द, वचन. (छपरावरचं कौल तिसरंच, ते आत्ता नको.) पण नशिबाने दोघं एकत्र आलेत, मतमोजणीच्या दिवशी टीव्हीवर सकाळी आठ-साडेआठला 'सुरुवातीचे कल हाती येतायत' आणि संध्याकाळी 'जनतेचा कौल'. आधी झुकाव, मग निकाल.

कौलाचा सरकारी अर्थ जुन्या कागदपत्रांत दिसतो. गाव ओस पडलं, जमीन पडीक झाली की सरकार रयतेला कौल द्यायचं, म्हणजे लेखी अभय: या, कसा, पहिल्या वर्षी सारा कमी घेऊ, मग दरवर्षी थोडा थोडा चढवत नेऊ. त्या चढत्या हिशोबाला इस्तावा म्हणायचे. पडीक जमीन एका वर्षात पीक देत नाही हे सरकारलाही ठाऊक होतं. (नवीन सवय लावताना पहिल्याच दिवशी पहाटे पाचला उठून पाच किलोमीटर पळणाऱ्यांनी हा इस्तावा जरा मनावर घ्यावा, हे मी स्वतःलाच सांगतोय.)

दुसरा कौल कोकणातला आणि गोव्यातला, देवळातला. मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतात, प्रश्न मांडतात आणि थांबतात. उजवा पडला तर साधारणपणे होकार, डावा पडला तर नकार. गोव्यात यालाच प्रसाद म्हणतात. मी लहानपणी मालवणकडे आत्याकडे होतो तेव्हा काकांनी कौल लावलेला आठवतो. प्रश्न होता मुंबईची नोकरी सोडून गावी यावं का आणि आलो तर आंब्याचा धंदा करावा का. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे 'होय महाराजा' म्हणालो, आणि पाकळी काही हलेना. पंधरा-वीस मिनिटं झाली, मला तहान लागली होती, बाहेर जायची सोय नाही. शेवटी गुरव काकांकडे वळून म्हणाला की दोन प्रश्न एकात घातलेत तर देव कोणाचं उत्तर देणार, एक काय ते विचार. काकांनी फक्त गावी येण्याचं विचारलं. पाकळी कुठली पडली ते मला आठवत नाही, काका मुंबईतच रिटायर झाले, पण गुरवाचं ते वाक्य तेवढं लक्षात राहिलं. आपण 'मनाचा कौल घेतला' म्हणतो तेव्हा हे सगळं चित्र त्यात आहे: प्रश्न एक हवा, नीट मांडायला हवा, आणि मग गप्प उभं राहायला हवं. तुमच्या हँडबुकात बहुतेक हेच तीन पानं भरून लिहिलेलं असेल.

एक बिनदेवळाचा प्रकारही सांगतो, उशीला सांगणे. पहाटेची एसटी असली की आजी म्हणायची उशीला सांगून झोप. म्हणजे उशीवर तीनदा टिचकी मारायची आणि म्हणायचं, उशी उशी मला साडेचारला उठव. नुसती वेळ सांगून चालायचं नाही, कशासाठी ते पण सांगायचं, आजीचा नियम. मी चार वीसला टक्क जागा. बऱ्याच घरात हे होतं, वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी केलं असेल. आणि याला थोडा आधारही आहे, जर्मनीत ल्युबेकच्या संशोधकांनी १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं होतं की ज्यांना झोपताना सहाला उठवणार असं सांगितलं त्यांच्या रक्तात एसीटीएच नावाचं, ताणाला तोंड द्यायला शरीराला सज्ज करणारं संप्रेरक तासभर आधीपासूनच वाढायला लागलं, आणि ज्यांना नऊला उठवू असं सांगून अचानक सहालाच उठवलं त्यांच्यात तसं झालं नाही. म्हणजे उशी नाही, आतलंच कोणीतरी घड्याळाकडे डोळा ठेवून असतं. पण 'मी माझ्या अवचेतन मनाला निर्देश दिले' पेक्षा 'उशीला सांगून झोपलो' मला शंभरदा चालेल.

तुम्ही शेवटी विचारलंय की हँडबुकातलं 'अवचेतन मनाला नकार कळत नाही' हे वाक्य कसं करू. मी ते वाक्यच जरा संशयाने बघतो, आतल्या पार्टीला नकार चांगला कळतो, मन 'नको' म्हणतं तेव्हा स्वच्छ म्हणतं. खरी गोष्ट एवढीच आहे की एखादा विचार मुद्दाम टाळायला गेलं की तो जास्त येतो. अमेरिकेत डॅनियल वेगनरने १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका सांगून हे दाखवलं, आणि आपल्याकडे कुठल्यातरी वैद्यबुवांनी औषधाची पुडी देताना 'घेताना माकड आठवू नका' असं सांगून कधीच दाखवून ठेवलंय. तिथे सरळ माकड टाका, वाचकाला तळटीप लागणार नाही.

तर शीर्षक: 'अंतर्मनाच्या कलाने घ्या'. जरा लांब चालत असेल तर 'अंतर्मनाच्या कलाने घ्या, मग त्याचा कौल घ्या'. आणि नातं हा शब्द हवाच असा क्लायंटचा हट्ट असेल तर 'अंतर्मनाशी नातं जोडा', निर्माण नको, नातं जोडतात नाहीतर तोडतात, निर्माण चित्रपट करतात.

आणि टाइप करताना अंतर्मन लिहा, म वर रफार. अंतरमन लिहिलंत तर कोणीतरी किलोमीटरमध्ये मोजायला घेईल.