प्लेटिंगच्या जुन्या शेडखालची माती

प्रश्न : कोल्हापूरजवळ आमच्या गावाला लागून 22 गुंठ्यांचा प्लॉट विकायला आलाय. तिथं आधी प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर क्रोम-निकेलचा मुलामा द्यायचं शॉप होतं, 2011 ला बंद पडलं. आम्हाला तिथं घर बांधायचंय, मागं थोडा भाजीपाला लावायचाय. वकिलांनी मालकीच्या कागदांचा सर्च रिपोर्ट क्लिअर दिलाय, मालकानं बोअरच्या पाण्याचा रिपोर्टपण दाखवला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) 480, पीएच 7.4, हार्डनेस वगैरे सगळं नॉर्मल. तरी आई आणि बायको दोघी नको म्हणतायत. अजून काय बघायला हवं?

उत्तर : दादा, घरच्या दोघींचं ऐका आणि इसार द्यायची घाई करू नका, निदान अजून महिना-दीड महिना तरी.

आधी त्या पाण्याच्या रिपोर्टचं बोलू. प्लेटिंगच्या जागेत भीती असते ती क्रोमियमची, त्यातपण हेक्साव्हॅलंट क्रोमियमची, हा त्याचा जास्त विषारी प्रकार, कारण ते पाण्यात सहज विरघळतं आणि पाण्याबरोबर लांब जातं. शिवाय निकेल, सायनाइड, काही शॉपमध्ये कॅडमियम. तुमच्या रिपोर्टात यातलं एकपण नाही. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे, आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात. समजा त्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम क्रोमियम आहे, म्हणजे मर्यादेच्या वीसपट, तरी टीडीएस फार तर दोन-तीननं वाढेल, 480 चे 483 होतील आणि कुणाच्या लक्षातपण येणार नाही. क्रोमियमनं पाणी डोळ्याला पिवळं दिसायला लागेपर्यंत तर पाणी मर्यादेच्या कितीतरी पट बिघडलेलं असतं.

दुसरं, बोअर किती फूट आहे ते विचारा. आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम, मग फुटका दगड आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. शॉपमधून गळलेलं पाणी आधी मुरमात आणि फुटक्या दगडात मुरतं. बोअर अडीचशे-तीनशे फूट असेल आणि केसिंग, म्हणजे वरच्या भागातला पाइप, नीट बसवलेलं असेल तर ते खालच्या भेगांमधलं पाणी ओढतंय, ते आज चांगलं असूनसुद्धा वरचं पाणी खराब असू शकतं, आणि तुम्ही रोज दोन तास मोटर चालवायला लागलात की वरचं हळूहळू खाली ओढलं जातं.

आता काय करायचं. या कामाच्या दोन पायऱ्या असतात, कन्सल्टंट लोक त्याला फेज वन आणि फेज टू म्हणतात. पहिलीत खणायचं काहीच नाही, नुसती चौकशी. शॉपला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती होती का, त्यात कुठलं केमिकल किती लिहिलंय, गाळ कुठं पाठवायचे त्याच्या पावत्या आहेत का, गुगल अर्थवर जुन्या सॅटेलाइट फोटोत शेडमागं डबकं किंवा करपलेला पट्टा दिसतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथं काम केलेला माणूस शोधून काढा. मी हे काम बरीच वर्षं केलंय आणि मला कागदापेक्षा माणसांनी जास्त सांगितलंय. एका बंद शॉपमध्ये आम्ही नकाशा बघून टाक्यांच्या भोवती चार होल मारले, चारही ठीक निघाले, रिपोर्ट लिहायचाच बाकी होता. तेवढ्यात तिथं पूर्वी कामाला असलेले एक काका आले, ते सरळ मागच्या भिंतीपाशी घेऊन गेले आणि पायानं दाखवलं, "इथं शोषखड्डा होता, रिन्सचं, म्हणजे माल धुतलेलं पाणी सगळं यात." वर सिमेंटचा कोबा होता, भिंतीच्या तळाला विटा पोखरलेल्या आणि त्यावर पिवळी भुकटी फुललेली, उन्हाळ्यात ओल वर चढून सुकली की अशी फुलते. कोबा फोडून ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, घातला तर चार फुटांवर माती हळदीसारखी पिवळी आली. तो खड्डा कुठल्याच नकाशात नव्हता. ते काका अजून दहा मिनिटं उशिरा आले असते तर आम्ही त्या जागेला चांगली म्हणून मोकळे झालो असतो, हे मला अजून टोचतं.

म्हणून दुसऱ्या पायरीत होल कुठं मारायचे ते पहिल्या पायरीतनं ठरतं : टाक्यांखाली, रिन्सच्या नाल्याच्या वळणावर, शोषखड्ड्यात, गाळाची पिंपं ठेवायचे तिथं, आणि एक प्लॉटच्या चढाच्या बाजूला जिथं काही झालं नसणार, म्हणजे तुलनेला आपली मूळ माती मिळते. माती थराथरानं घ्या, अर्धा फूट, तीन फूट, मग मुरूम लागेपर्यंत. आठ ठिकाणची माती एका पिशवीत कालवून एकच सॅम्पल पाठवू म्हणणारा माणूस असेल तर त्याला नको म्हणा, एका खराब जागेचा आकडा सात चांगल्या जागांत लपून जातो. वरच्या पाण्यासाठी निदान तीन उथळ निरीक्षण-बोअर लागतात, कारण तीन ठिकाणची पातळी मोजल्याशिवाय पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते कळत नाही, आणि ते कळलं नाही तर शेजाऱ्याच्या विहिरीला धोका आहे का तेपण कळणार नाही. आणखी एक, हेक्साव्हॅलंटसाठी काढलेलं पाण्याचं सॅम्पल बर्फात ठेवून 24 तासांत लॅबला पोचायला हवं, शनिवारी संध्याकाळी काढून सोमवारी दिलं तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली बघा, आणि नुसती लॅब नाही तर ती विशिष्ट टेस्ट त्यांच्या यादीत आहे का ते बघा.

इसारपत्रात एक ओळ घालायला वकिलांना सांगा, की माती आणि पाण्याचा रिपोर्ट खराब आला तर व्यवहार रद्द आणि इसार परत. मालक याला तयार नसेल तर मी तरी ती जागा घेणार नाही.

प्रश्न : रायगड जिल्ह्यात आमच्या शेताशेजारी एक केमिकल कारखाना बंद पडून दहा वर्षं झाली. मे महिन्यात विहिरीचं पाणी पिवळसर होतं, पावसाळ्यात परत साफ. आता कारखानाच नाही तर तक्रार कुणाची करायची? पाणी उकळून प्यायलं तर चालेल का?

उत्तर : नाही ताई, उकळू नका. उकळून जंतू मरतात, धातू आणि बहुतेक केमिकल तसेच राहतात, उलट पाणी आटतं म्हणून थोडे घट्टच होतात. प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी आजपासून दुसरीकडनं आणा. पावसाळ्यात साफ दिसतं कारण वरनं भरपूर पाणी येऊन ते पातळ होतं, गेलेलं नसतं. म्हणून टेस्ट दोनदा करा, मे मध्ये आणि ऑक्टोबरमध्ये.

कारखाना बंद झाला म्हणजे जबाबदारी संपली असं अजिबात नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात 1980 च्या दशकाच्या शेवटी एच-अॅसिड (रंग बनवायला लागणारं केमिकल) बनवणाऱ्या कारखान्यांनी सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उघड्यावर टाकला, तो पावसाबरोबर मुरला आणि आसपासच्या विहिरी गेल्या. कारखाने बंद झाले तरी 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्यानं घाण केली त्यानंच साफसफाईचा खर्च द्यायचा. आता तर जुलै 2025 मध्ये केंद्रानं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियमच काढलेत, त्यात संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनानं द्यायची आणि मंडळानं 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची असं आहे. तेव्हा अर्ज दोन करा, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात, दोन्हीची पोच घ्या, आणि मे मधल्या पाण्याचा काचेच्या ग्लासातला फोटो पांढऱ्या कागदावर ठेवून काढून जोडा. शेजारच्या विहिरीवाल्यांच्या सह्या मिळाल्या तर फार बरं.

प्रश्न : वरची दोन फूट माती काढून नवीन भरली की जागा साफ होते ना? आमचा जेसीबीवाला तेच म्हणतोय.

उत्तर : खराबी दोन फुटांतच आहे हे टेस्टनं कळलं असेल तरच, आणि काढलेली माती कुठं जाणार ते आधी सांगा. ती ओढ्याकाठी किंवा कुणाच्या शेतात टाकली तर तुमची अडचण दुसऱ्याच्या पोराच्या पाण्यात गेली. टेस्टमध्ये ती घातक कचऱ्यात बसली तर तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या मान्यताप्राप्त ठिकाणीच पाठवावी लागते, गाडीबरोबर मॅनिफेस्टचा, म्हणजे काय माल कुठनं कुठं चाललाय त्याचा कागद असतो, त्याची तुमची प्रत जपून ठेवा. जेसीबी लावायच्या आधी टेस्ट, आणि खड्डा बुजवायच्या आधी तळाची आणि चारी बाजूंची माती परत एकदा लॅबला.