सव्वा किलोची प्लेट

चिरंजीव भाऊस,
अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून बार वर ढकलणं, ६० किलोवर अडकलाय, ६५ लावले की तिसऱ्या रेपला, म्हणजे तिसऱ्यांदा ढकलताना, बार छातीवर बसतो, म्हणून ‘आप्पा, एखादी पावडर सांगा’. वर कोणीतरी देऊ केलेल्या इंजेक्शनचंही लिहिलंस. पावडरचं मागून बघू. आधी मला सांग, ६० वरून एकदम ६५ कशाला?

उत्तर मला ठाऊक आहे. आपल्या जिममधली सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की झाले पाच. खांद्यावर बार घेऊन बसायच्या स्क्वॉटला आणि जमिनीवरून बार उचलायच्या डेडलिफ्टला सुरुवातीचे काही महिने ही उडी खपून जाते, कारण तिथे मांड्या, कुल्ले, पाठ असं सगळं अंग कामाला लागतं. बेंचला मात्र ६० वर ५ म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त वाढ, आणि ती एका आठवड्यात हवी! बार डोक्यावर ढकलायच्या ओव्हरहेड प्रेसला तर विचारूच नकोस. तेव्हा सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या पैशानं घे आणि बॅगेत टाकून ठेव. कोणी हसलं तर हसू दे. साडेबासष्टवर पाच-पाचचे तीन सेट स्वच्छ झाले की मगच पुढे सरक. सलग तीन वेळा अडलास तर दहा टक्के वजन उतरव आणि पुन्हा चढत ये. दोन सेटमध्ये तीन मिनिटं थांबायचं, घड्याळ लावून. रील बघता बघता जी दहा मिनिटं जातात, ती यात धरायची नाहीत.

हे सगळं वहीत लिही. तारीख, वजन, रेप्स, आदल्या रात्री किती झोपलास. गेल्या बुधवारी स्क्वॉटला काय लावलं होतंस असं विचारलं तर तू छताकडे बघतोस. ज्याला गेल्या बुधवारचं आठवत नाही, त्यानं या बुधवारी काय वाढवायचं?

आता डेडलिफ्ट. तुझी कंबर गोल होते, आणि बार जमिनीवरून सुटायच्या आत तू हातानं हिसका देतोस. यूट्यूब राहू दे. पुढच्या वेळी तापीपलीकडे घरी जाशील तेव्हा वडिलांच्या बागेत केळीची कापणी नीट बघ. एक जण कोयत्यानं दांडा तोडतो, दुसरा घड झेलायला खाली उभा असतो. त्या दुसऱ्याकडे बघ. घड यायच्या आधीच त्याचे पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. वजन खांद्यावर टेकायच्या क्षणी श्वास आत कोंडलेला आणि पोट चहूबाजूंनी ताठ. मग वीस-पंचवीस किलो घेऊन तो ओल्या सरीतून सरळ पाठीनं चालत रस्त्यापर्यंत जातो. ते पोट ताठ करणं मला तुझ्यात हवंय. आधी श्वास, मग पोट, मग पायांनी जमीन खाली ढकल. बार पायाला घासून वर आला पाहिजे.

एकटा बेंच मारतोस तेव्हा बारला कॉलर, म्हणजे प्लेट अडकवून ठेवणारी कडी, लावू नकोस. अडकलास तर एका बाजूला कलवून प्लेट सांडता येतात. आणि अंगठा बारभोवतीच हवा. अंगठा न गुंडाळता बेंच मारणारी दोन-तीन पोरं आपल्याकडे आहेत, त्यांच्याशी मी बोलणार आहेच.

खाण्याचं सांगतो. आपल्या जळगाव जिल्ह्यात प्रत्येकाला वाटतं की चार केळी खाल्ली की बॉडी बनते. केळ्यात ताकद आहे, पण ती पिष्टाची आणि साखरेची. शंभर ग्रॅम केळ्यात प्रोटीन जेमतेम एक ग्रॅम. व्यायामाआधी जरूर खा, पण हिशेबात धरू नकोस. तुझं वजन ६५ किलो, किलोमागे १.६ ग्रॅम धर, म्हणजे दिवसाला शंभरेक ग्रॅम प्रोटीन. मेसच्या पातळ वरणातून ते निघणार नाही. आईला सांगून कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणव. ज्वारीत जे कमी पडतं ते उडीद भरून काढतो, आपल्या म्हाताऱ्यांनी ते न मोजता केलं होतं. त्यावर शेंगदाण्याची चटणी, दोन वेळा दूध, चालत असतील तर अंडी. सोयाबीनच्या वड्या स्वस्त, आणि शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नासेक ग्रॅम प्रोटीन. इतकं करूनही कमी पडलं तर व्हे घे, ते दुधातलंच प्रोटीन आहे. ताकदीसाठी लोक घेतात ती क्रिएटिनची पावडर रोज ३ ते ५ ग्रॅम पुरते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

आणि ते इंजेक्शन. कोण देतंय हे तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. मेफेंटरमाइन हे ऑपरेशनच्या वेळी रोग्याचा रक्तदाब घसरला तर डॉक्टरनं द्यायचं औषध आहे. जिमच्या बाथरूममध्ये टोचून घेतलं तर तासभर जोर येतो, पण झळ हृदयाला लागते आणि सवय जडते ती वेगळी. स्टेरॉइडनं शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं. यावर चर्चा नाही. घेतलंस तर माझ्याकडे येऊ नकोस.

तू पोलिस भरतीची तयारी करतोयस ना? मग गुण बघ. मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. बेंचला एकही गुण नाही! ७.२६० किलोचा गोळा पाय आणि कंबर फेकतात, हात शेवटी येतो. म्हणून स्क्वॉट आणि प्रेस सोडायचे नाहीत, आणि लांब धावायच्या आदल्या दिवशी जड स्क्वॉट मारायचा नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५, २०१६ अशी ओळीनं तीन वर्षं महाराष्ट्र केसरी मारली आणि पुढे पोलिसात अधिकारी झाले. गदा एकदा मिळवणारे पुष्कळ आहेत. तिसऱ्या वर्षी पुन्हा पहाटे उठून आखाड्यात उतरायचं, ते कसं जमलं असेल याचा विचार कर.

मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा संध्याकाळचा पत्र्याखालचा व्यायाम बंद. पहाटेच ये, पाण्यात चिमूटभर मीठ-साखर टाकून आण, वजन थोडं कमी ठेवलंस तरी चालेल. झोप सात तास हवीच. साडेअकराचे मेसेज बंद.

एक राहिलं. परवा तो नवीन पोरगा चपला आणि जीन्स घालून आला, नुसता २० किलोचा बार उचलताना डगमगला आणि तुम्ही चौघं हसलात. ‘हाई काय शे रे भो’ म्हणणारा आवाज तुझा होता, मी काउंटरवर होतो. काल तो आला नाही. बूट नाहीत म्हणून काही अडत नाही, तुझ्या त्या मऊ तळव्याच्या रनिंग शूजपेक्षा अनवाणी पायांनी स्क्वॉट बरा होतो. बाजार समितीत तो हमाली करतो, दुपारी तिथेच सापडेल. जाऊन बोल आणि सोमवारी पहाटे साडेपाचला घेऊन ये. त्याला स्क्वॉट तू शिकवायचास. मी बाजूला चहा घेत बसेन. चुकलास तर तिथल्या तिथे टोकेन.

तुझा,
आप्पा