शाळेला मिळालेल्या पाच जुन्या कॉम्प्युटरवर वीस मुलं आपापली शिकू शकतील का?

शिकतील की! आणि पाच पुरेत. प्रत्येकाला एक हवाच, हा हट्ट मला कधीच पटलेला नाही. एका मशीनला चौघं बसवा, दर दहा मिनिटांनी माउसवाला बदला. शिक्षणतज्ज्ञ सुगाता मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीत कालकाजीला भिंतीत कॉम्प्युटर बसवला, तिथंही पोरं घोळक्यानंच शिकली. वर्गात गलका होणार, होऊ द्या.

खरी मेहनत प्रश्न काढण्यात आहे. 'राधानगरी धरण कुणी बांधलं?' विचारलंत तर दोन मिनिटांत 'शाहू महाराज' लिहून पोरं गेम उघडतील. त्याऐवजी विचारा, राधानगरीचे सात दरवाजे कुणी बटण न दाबता कसे उघडतात? 'पाचवा दरवाजा उघडला' हे पावसाळ्यात कोल्हापुरात घरोघरी ऐकू येतं, पण कसा उघडला ते सहसा कुणी सांगत नाही. पाण्याची पातळी, दाब, तोल शोधण्यात २५ मिनिटं जातात. पुढं एका दरवाजातून १४२८ क्युसेक, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, हा गुणाकार वहीत करायला लावा. सेकंदाला ४०,४०० लिटर, म्हणजे दहा हजारी चार टँकर! शेवटची दहा मिनिटं स्क्रीन बंद करून प्रत्येक गटानं फळ्यावर चित्र काढून सांगायचं. हे वगळलं की नुसती नक्कल उरते.

मशीनची तारीख सारखी मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा, नाण्यासारखा सीआर-२०३२ सेल बदला. तारीख चुकली की ब्राउझर साइट उघडत नाही आणि शिव्या नेटला बसतात. पावसाळ्यात नुसता बीप येऊन स्क्रीन काळी राहिली, तर प्लग काढून रॅमची, म्हणजे मेमरीच्या काडीची, सोनेरी पट्टी खोडरबरानं हलकी पुसा. नेट नसेल तर किविक्स या नेटशिवाय वाचायच्या अ‍ॅपवर मराठी विकिपीडिया आधीच उतरवून ठेवा.

आणि कृपा करून 'पोरं बिघडवतील' म्हणून खोलीला कुलूप लावू नका. आपल्याकडच्या दमट हवेत बंद पडून राहिलेलं मशीन गंजतं, रोज तापणारं कोरडं राहतं. पोरांनी फार तर आयकॉन उडवले तर ते परत आणता येतात.

हां, एक राहिलं. हे सगळं वाचता येणाऱ्या मुलांसाठी, साधारण चौथीपासून पुढं. अडखळत वाचणारं मूल घोळक्यात मागं उभं राहून नुसतं बघतं. त्याला आधी वाचायला शिकवा, तेही तुम्ही स्वतः शेजारी बसून.