निगेटिव्ह आईचे ७२ तास

सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा उरकली की लग्नं ठरू लागतात आणि रक्तपेढीत माझ्यापुढे पत्रिकेच्या जोडीनं रक्तगटाची चिठ्ठी येते. दरवर्षी प्रश्न तेच, म्हणून इथेच उत्तरं देतो.

मुला-मुलीचा रक्तगट एकच आहे, ओ पॉझिटिव्ह. लग्न जमवावं का? (जुळे सोलापूर)
खुशाल जमवा. तपासायचंच असेल तर दोघांची थॅलेसेमियाची, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करा.

दीड महिन्यापूर्वी चौथ्या महिन्यात गर्भ गेला, पिशवी साफ केली. मी ए निगेटिव्ह, मिस्टर पॉझिटिव्ह. सासूबाई म्हणाल्या, पहिल्या खेपेला निगेटिव्हचा त्रास नसतो. इंजेक्शन घेतलं नाही. (विडी घरकुल)
ताई, सासूबाईंचं अर्धंच खरं आहे. पहिल्या खेपेला बाळ बहुधा सुखरूप राहतं, पण धोक्याची सुरुवात तिथूनच होते. बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीत किंवा गर्भपातात त्याच्या रक्तपेशी आईच्या रक्तात उतरतात आणि तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. त्या पुढच्या पॉझिटिव्ह बाळावर उलटतात: रक्त कमी होतं, जबर कावीळ होते, कधी बाळ पोटातच दगावतं. अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं ते यासाठी. एकदा अँटिबॉडी तयार झाल्या की त्या इंजेक्शनचा उपयोग नाही. बाळंतपणानंतर गट विचारला जातो. पिशवी साफ करून बाई संध्याकाळी घरी जाते, तेव्हा मात्र तो प्रश्न राहून जातो. याची मला फार चीड येते. आता घरी बसून तर्क करू नका. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, इनडायरेक्ट कूम्ब्ज तपासणीचं (रक्तात अशा अँटिबॉडी तयार झाल्यात का ते ती सांगते) विचारा आणि पुन्हा दिवस राहिले की पहिल्याच भेटीत हे सगळं सांगा.

रक्तगटानुसार आहाराचं पॅकेज घ्यावं का?
नाही. पैसे वाचवा. आजार असेल तर पथ्य तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आईच्या ऑपरेशनला पिशवीतलं शिळं रक्त नको, माझंच ताजं द्या. (बार्शी)
२ ते ६ अंशांत जपलेलं रक्त ३५ दिवस चालतं. ते शिळं नव्हे. उलट सख्ख्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णावरच हल्ला करतात आणि तो जिवावर बेततो. तुम्ही रक्तदान जरूर करा, पण आईला कोणती पिशवी लावायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.

लायसनवर गट लिहिलाय. मग पुन्हा तपासणी कशाला, बिल वाढवायला? (अक्कलकोट)
लायसनवरचा गट तुम्हीच सांगितलेला असतो. आम्ही टाईलवर रक्ताचे थेंब ठेवतो, एकात अँटी-ए नावाचं निळं द्रावण, दुसऱ्यात अँटी-बी नावाचं पिवळं द्रावण मिसळतो आणि टाईल हलवतो. गट जुळला की रव्यासारख्या गुठळ्या दिसतात. दोन्ही थेंब साफ राहिले तर ओ. पण १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे यांनी नोंदवलेला ‘बॉम्बे’ गटही इथे ओ सारखाच दिसतो, आणि त्या माणसाला ओ चं रक्त दिलं तर जीव जाऊ शकतो. क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहण्याची तपासणी, केली की ते उघडं पडतं. तिला तासभर लागतो, म्हणून ऑपरेशन ठरलेलं असेल तर रक्ताचा नमुना आदल्या दिवशीच पाठवा.